फुफ्फुसाची सोनोग्राफी: आयसीयूत पहिल्यांदा छातीवर प्रोब ठेवणाऱ्यांसाठी

आयसीयूत नव्याने पोस्टिंग लागलेल्या रेसिडेंटच्या हातात सोनोग्राफीचा प्रोब येतो तो बहुतेक वेळा मानेतली सेंट्रल लाइन टाकताना. लाइन पडली की मशीन पुसून भिंतीला लागतं. तासाभरात त्याच पेशंटचं सॅच्युरेशन ८४ वर आलं की मात्र आपण स्टेथोस्कोप शोधतो, पोर्टेबल एक्स-रे सांगतो आणि फिल्म येईपर्यंत ऑक्सिजन वाढवत राहतो. मशीन चार पावलांवर उभं असतं. ती चार पावलं तुम्ही आपण होऊन चालावीत, आणि चालल्यावर नेमकं काय करायचं ते हाताला ठाऊक असावं, यासाठी हे लिहिते आहे.

झोपलेल्या पेशंटचा एक्स-रे दोन ठिकाणी हमखास फसवतो. प्ल्यूरात, म्हणजे फुफ्फुस आणि छाती यांच्या मधल्या दुहेरी आवरणात, शिरलेली हवा वर, म्हणजे छातीच्या पुढच्या बाजूला जमते आणि फिल्मवर दिसतच नाही. पाणी पाठीमागे पसरतं आणि नुसता धुरकटपणा दिसतो. व्हेंटिलेटरच्या आवाजात स्टेथोस्कोपचं म्हणणं ऐकू येत नाही. सीटी सगळं दाखवतो, पण शंभर टक्के ऑक्सिजनवरचा पेशंट लिफ्टमधून खाली न्यायचा म्हणजे काय, हे एकदा सोबत गेलात की कळतं.

हवेतून ध्वनिलहरी जात नाहीत, तेव्हा फुफ्फुसावर सोनोग्राफी चालणार नाही, असं कित्येक वर्षं धरून चाललं होतं. श्वासाबरोबर हलणारी प्ल्यूरा १९८६ मध्ये पशुवैद्यांनी घोड्यांमध्ये नोंदवली. पुढे पॅरिसजवळच्या आंब्रुआझ-पारे रुग्णालयातले आयसीयूतज्ज्ञ डॅनियल लिख्टेनश्टाइन यांनी या रेघांची भाषाच बसवली. फुफ्फुस दिसत नसलं तरी हवा आणि पाणी मिळून पडद्यावर ज्या खोट्या रेघा उमटवतात त्या वाचता येतात, हे त्यांनी दाखवलं. धाप लागलेल्या पेशंटची फुफ्फुसं ठरावीक क्रमाने पाहण्याची त्यांची पद्धत, ब्लू प्रोटोकॉल, २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. श्वासाच्या त्रासाने आयसीयूत नुकत्याच आलेल्या २६० पेशंटमध्ये या पद्धतीने ९०.५ टक्के वेळा निदान बरोबर आलं, आणि तपासणीला लागली जेमतेम तीन मिनिटं. 'नुकत्याच आलेल्या' हे शब्द लक्षात ठेवा, त्याकडे पुन्हा येणार आहे.

मशीनला हात लावण्याआधी

आधी कायदा. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा पहिला कायदा आपल्या महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला; देशाचा पीसीपीएनडीटी कायदा १९९४ चा. त्यामुळे मशीन फक्त छाती पाहायला आणलेलं असलं तरी ते नोंदणीकृत असावं लागतं, आणि ते कोणी, कुठे वापरायचं हेही ठरलेलं असतं. पोस्टिंगच्या पहिल्याच दिवशी विभागात विचारा: या मशीनच्या नोंदणीत कोणाची नावं आहेत, माझ्या कामाची देखरेख कोण करणार? आणि 'जरा शेजारच्या हॉस्पिटलात पाहून येऊ' म्हणून मशीन बाहेर कधीही नेऊ नका.

मग प्रश्न. प्रोब ठेवण्याआधी मनात एक वाक्य पूर्ण करा: 'मला हे पाहायचं आहे की...' श्वासाची ट्यूब टाकल्यावर सॅच्युरेशन पडलं, तर डावं फुफ्फुस फुगतंय का? तीन लिटर सलाइन गेल्यावर धाप वाढली, तर फुफ्फुसात पाणी आलंय का? प्रश्नाशिवाय प्रोब फिरवणारा नवखा माणूस दहा मिनिटं चित्रं पाहतो आणि शेवटी 'थोड्या बी-लाइन्स (उभ्या रेघा) आहेत' एवढंच सांगतो. त्यातून कोणाच्याही उपचारात काही बदलत नाही.

मशीनचं फार बोलायला नको. एकच प्रोब निवडायचा तर पोटासाठी वापरतात तो कर्व्हिलिनियर घ्या, त्याने पुढची प्ल्यूराही दिसते आणि मागचं पाणीही. प्ल्यूराच बारकाईने पाहायची असेल तेव्हा लाइन टाकायचा लिनियर प्रोब घ्या. हृदयाचा छोटा प्रोबही चालतो. 'लंग' प्रीसेट असेल तर तो लावा. नसेल तर हार्मोनिक्स आणि कंपाउंड इमेजिंग हाताने बंद करा. ही फिल्टरं चित्र देखणं करण्यासाठी खोट्या रेघा पुसून टाकतात, आणि आपल्याला नेमक्या त्याच रेघा हव्या असतात. पुढच्या बाजूला खोली ८ ते १० सेंटिमीटर, मागच्या तळाला १५ च्या आसपास. फोकस प्ल्यूराच्या पातळीवर. झालं.

पेशंटला सांगा. ट्यूबवर असला, झोपेच्या औषधात असला तरी सांगा: 'काका, छातीवर थोडं गार लागेल.' जेल खरोखर गार असतं, आणि दचकलेला पेशंट व्हेंटिलेटरशी झगडतो.

हात कुठे ठेवायचा

लिख्टेनश्टाइनची युक्ती साधी आहे: जागा शोधायला हातच वापरायचे. पेशंटच्या हाताएवढे असे दोन तळवे, अंगठे सोडून, त्याच्या छातीच्या एका बाजूवर एकाखाली एक ठेवल्याची कल्पना करा. वरच्या हाताची करंगळी गळपट्टीच्या हाडाला लागलेली, बोटांची टोकं छातीच्या मध्यरेषेवर. वरच्या हाताची मधली दोन बोटं जिथे तळव्याला मिळतात तो वरचा बिंदू. खालच्या तळव्याचा मध्य हा खालचा बिंदू. या खालच्या बिंदूपासून आडवं, बाहेरच्या बाजूला, काखेच्या मागच्या रेषेपर्यंत जा आणि पाठ गादीला टेकली आहे तिथे प्रोब जितका आत सरकवता येईल तितका सरकवा. हा तिसरा, मागचा बिंदू. एका बाजूला तीन, दोन्ही बाजू मिळून सहा.

प्रोब उभा धरा, त्याची खूण पेशंटच्या डोक्याकडे. पडद्यावर वर-खाली दोन बरगड्या दिसतात, त्यांच्यामागे काळ्या सावल्या, आणि दोघींच्या मध्ये थोडी खाली एक लख्ख पांढरी आडवी रेघ. पंख पसरलेल्या वटवाघळासारखं हे चित्र: पंख म्हणजे बरगड्या, अंग म्हणजे प्ल्यूरा. मोठ्या माणसात ही रेघ बरगडीच्या पातळीपासून साधारण अर्धा सेंटिमीटर खोल असते. वटवाघूळ मिळेपर्यंत पुढे जाऊ नका. स्नायूंच्या थरातलीच एखादी पांढरी रेघ प्ल्यूरा समजून तिचं निदान करत बसलेले रेसिडेंट मी पाहिलेत, आणि त्यांत हुशार रेसिडेंटही होते.

मनगट टेकवा. प्रोब पेनासारखा धरा, करंगळीची कड पेशंटच्या छातीवर ठेवा. हात लोंबकळता राहिला तर तुमच्या हाताचं हलणंच तुम्हाला फुफ्फुसाचं हलणं वाटेल.

रेघ हलते का?

प्रत्येक बिंदूवर पहिला प्रश्न हाच. फुफ्फुसाचं आवरण छातीच्या आतल्या आवरणावर श्वासागणिक सरकतं, आणि त्या पांढऱ्या रेघेवर एक बारीक लुकलुक दिसते. यालाच लंग स्लायडिंग म्हणतात. डोळा बसायला वेळ लागतो, म्हणून शंका असेल तिथे एम-मोड लावा, त्यात एकाच रेषेवरची हालचाल वेळेनुसार पडद्यावर उमटते. रेघेच्या वर स्थिर, समांतर पट्टे, खाली वाळू पसरल्यासारखा रवाळ भाग, म्हणजे किनाऱ्यावर उभं राहून समुद्राकडे पाहावं तसं चित्र: स्लायडिंग आहे. वरपासून खालपर्यंत नुसते समांतर पट्टे, दुकानातल्या मालावरच्या बारकोडसारखे: स्लायडिंग नाही.

स्लायडिंग दिसलं तर त्या जागी, त्या क्षणी न्यूमोथोरॅक्स, म्हणजे प्ल्यूरात शिरलेली हवा, नाही. हे ठामपणे म्हणता येतं. उलट्या बाजूने मात्र तसं ठामपणे म्हणता येत नाही, आणि इथेच माझ्या हातून एक चूक होता होता राहिली.

पहिल्या वर्षाला असताना मध्यरात्री एका पेशंटला ट्यूब टाकली. काही मिनिटांत सॅच्युरेशन घसरलं. डाव्या छातीवर हवा जात असल्याचं ऐकू येईना. मी प्रोब ठेवला: डावीकडे स्लायडिंग नाही. एम-मोडवर बारकोड. आदल्या आठवड्यातच हे वाचलं होतं, त्यामुळे खात्रीच पटली. सिस्टरांकडे जाड सुई मागितली, त्यांनी ट्रेमध्ये ती काढूनही ठेवली. तेवढ्यात आमच्या मॅडम आल्या. त्यांनी माझा हात बाजूला केला नाही. फक्त म्हणाल्या, 'रेघेकडे अजून दहा सेकंद बघ.' पाहिलं तर रेघ सरकत नव्हती, पण ठेक्यात थरथरत होती. मॉनिटरवरच्या नाडीशी तो ठेका जुळत होता. मॅडमनी ट्यूबचा आकडा पाहिला, दातांपाशी २६ सेंटिमीटर. फुगा सैल केला, ट्यूब २२ वर आणली. चार श्वासांत डावीकडची रेघ सरकायला लागली.

ट्यूब उजव्या श्वासनलिकेत गेली होती. डावं फुफ्फुस हवेवाचून जागच्या जागी पडून होतं आणि शेजारच्या हृदयाचे ठोके त्याच्यातून प्ल्यूरापर्यंत पोहोचत होते. हा लंग पल्स. दोन्ही आवरणं एकमेकांना टेकलेली असल्याशिवाय तो दिसत नाही, म्हणजेच मध्ये हवा नाही. सुई घातली असती तर नसलेला न्यूमोथोरॅक्स मीच तयार केला असता.

म्हणून स्लायडिंग दिसलं नाही की या क्रमाने जा. लंग पल्स आहे का? एकही बी-लाइन दिसते का? दोन्हींपैकी काहीही असेल तर तिथे न्यूमोथोरॅक्स नाही. दोन्ही नसतील तर प्रोब पुढून बाजूला, काखेकडे, बरगड्यांमधल्या जागेतून हळूहळू सरकवत न्या. एका ठिकाणी श्वास आत घेताना स्लायडिंग येईल आणि सोडताना जाईल. तो लंग पॉइंट, फुफ्फुस जिथे छातीला टेकतं-सुटतं ती सीमा. तो सापडला की न्यूमोथोरॅक्सचं निदान पक्कं. फुफ्फुस पूर्ण मिटलं असेल तर मात्र लंग पॉइंट कुठेच मिळत नाही.

यात एक अपवाद जीवावर बेतणारा आहे. पेशंटचं बीपी कोसळतंय, व्हेंटिलेटरचं प्रेशर चढलंय, एका बाजूला स्लायडिंग नाही, लंग पल्स नाही, बी-लाइन नाही, ट्यूब जागेवर आहे: अशा वेळी लंग पॉइंट शोधत बसू नका. सिनियरला हाक मारा आणि टेन्शन न्यूमोथोरॅक्सचा (अडकलेल्या हवेचा दाब हृदयावर येतो तो) उपचार सुरू करा.

स्लायडिंग जाण्याची आणखी कारणं लक्षात ठेवायला हवीत. आपल्याकडे टीबी होऊन गेलेल्या माणसाची प्ल्यूरा कित्येकदा चिकटलेली असते, विशेषतः वरच्या भागात. न्यूमोनिया आणि एआरडीएसमध्येही (दोन्ही फुफ्फुसं एकदम सुजून निकामी होतात तो आजार) आवरणं चिकटतात. जुन्या बिडी-सिगारेटवाल्याच्या फुफ्फुसात मोठा बुला, म्हणजे हवेचा फुगा, असला की तिथेही रेघ मुकी राहते. दम्याचा जोरदार झटका असेल तर फुफ्फुस इतकं फुगलेलं असतं की स्लायडिंग अगदी मंद होतं. म्हणून जुना आजार विचारा, जुना एक्स-रे मागा. नातेवाइकांच्या पिशवीत तो बहुतेक वेळा असतोच.

आडव्या रेघा, उभ्या रेघा

स्लायडिंगनंतर रेघेच्या खाली पाहा. प्ल्यूराला समांतर आडव्या रेघा, सारख्या अंतरावर, या ए-लाइन्स. त्वचेपासून प्ल्यूरापर्यंत जेवढं अंतर, तेवढ्याच अंतरावर त्या पुन्हा पुन्हा उमटतात. त्यांचा अर्थ एवढाच की खाली हवा आहे. ती निरोगी फुफ्फुसातली असेल किंवा न्यूमोथोरॅक्समधलीही. फरक स्लायडिंगने कळतो. म्हणून 'ए-लाइन्स आहेत, फुफ्फुस नॉर्मल' असं स्लायडिंग न पाहता लिहू नका.

बी-लाइन उभी असते. प्ल्यूरापासूनच निघते, टॉर्चच्या झोतासारखी पडद्याच्या तळापर्यंत न विझता जाते, वाटेतल्या ए-लाइन्स पुसते आणि स्लायडिंगबरोबर डावी-उजवीकडे डुलते. प्ल्यूरापासून निघून दोन-तीन सेंटिमीटरवर विरून जाणाऱ्या आखूड रेघा सोडून द्या, त्यांना अर्थ नाही. त्वचेखाली हवा शिरली असेल तर उभ्या रेघा प्ल्यूराच्या वरूनच निघतात आणि वटवाघूळ दिसतच नाही. बोटाखाली करकर लागते. तिथे बी-लाइन मोजू नका.

दोन बरगड्यांमधल्या एका जागेत एक-दोन बी-लाइन्स असल्या तरी चालतं. तीन किंवा जास्त असतील तर तिथल्या फुफ्फुसात हवेच्या जागी काहीतरी ओलं किंवा जाड आलं आहे. ते पाणी, पू, रक्त किंवा जुना फायब्रोसिस असू शकतं. रेघ त्यांतलं नाव सांगत नाही. 'बी-लाइन म्हणजे लॅसिक्स (लघवीवाटे पाणी काढणारं औषध)' हा नव्या रेसिडेंटच्या हाताला लागलेला सर्वांत महागडा शॉर्टकट आहे, आणि तो मोडायचा असेल तर बी-लाइन दिसल्यावर नजर पुन्हा प्ल्यूरावर न्या.

हृदयामुळे फुफ्फुसात पाणी आलेलं असेल तर प्ल्यूरा साधारणपणे बारीक आणि गुळगुळीत असते, स्लायडिंग छान असतं, बी-लाइन्स दोन्ही बाजूंना सारख्या. एआरडीएस किंवा न्यूमोनियात प्ल्यूरा जाडसर, खडबडीत होते, तिच्याखाली बारीक काळे तुकडे दिसतात, स्लायडिंग मंदावतं, आणि आजारी भागाच्या शेजारी अचानक चांगल्या ए-लाइन्सचा तुकडा मिळतो. जुन्या फायब्रोसिसमध्येही रेघ खडबडीत असते, पण ती आजची धाप नसते, त्याची कहाणी काही वर्षांची असते. शंका उरली तर दोन मिनिटं हृदय पाहा. डावं व्हेंट्रिकल जोमाने आकुंचन पावत असेल तरी हृदय लगेच निर्दोष ठरवू नका, पण वजन कुठे टाकायचं ते कळतं.

मागचा कोपरा

तिसरा बिंदू सगळ्यात श्रीमंत आहे आणि नवे लोक तोच टाळतात, कारण त्यासाठी पेशंटला थोडं कलतं करावं लागतं. वॉर्डातल्या मामा किंवा मावशींना हाक मारा, खांद्याखाली पातळ टॉवेल सारायला सांगा, नळ्या सांभाळा. झोपलेल्या माणसाचं पाणी आणि न्यूमोनिया दोन्ही बहुतेक वेळा इथेच जमतात.

इथे सर्वांत आधी श्वासपटल शोधा. उजवीकडे यकृताच्या वर, डावीकडे प्लीहेच्या वर, श्वासाबरोबर हलणारी जाड पांढरी कमान. ती सापडल्याशिवाय काळ्या भागाला नाव देऊ नका. कमानीच्या डोक्याकडचं काळं पाणी प्ल्यूरातलं, पायाकडचं पोटातलं. लिव्हर सिरॉसिसच्या पेशंटमध्ये ही गल्लत सोपी आहे आणि सुई घेऊन ती केली तर सुई थेट यकृतात जाते.

पाणी असेल तर फुफ्फुसाचा दबलेला तुकडा त्यात माशाच्या शेपटीसारखा हलताना दिसतो. श्वास घेताना फुफ्फुसाची कड छातीच्या भिंतीजवळ येते, सोडताना लांब जाते. एरवी फुफ्फुसातल्या हवेने झाकला जाणारा मणक्याचा कणा पाण्यातून श्वासपटलाच्या वरही दिसत राहतो. पाणी स्वच्छ काळं आहे, की त्यात कण तरंगताहेत, की जाळी आहे, ते लिहा. कण आणि जाळी असेल तर पू किंवा रक्ताचा विचार करा, मग पाण्याचं प्रमाण थोडं असलं तरी.

किती पाणी? बॅलिक यांनी २००६ मध्ये दिलेला हिशेब आयसीयूत सोयीचा आहे. पेशंट पाठीवर, धड साधारण १५ अंश उचललेलं, तळाशी दोन आवरणांमधलं जास्तीत जास्त अंतर मिलिमीटरमध्ये मोजा आणि २० ने गुणा. ३० मिलिमीटर म्हणजे सुमारे ६०० मिलिलिटर. आकडा ढोबळ आहे, पण 'बरंच पाणी आहे' यापेक्षा फोनवर सरांना सांगायला खूपच उपयोगी.

सुई घालायची ठरली तर खूण केल्यावर पेशंटची कूस बदलू नका. इतर कोणालाही बदलू देऊ नका. सुईच्या जागी श्वास आत घेतानाही दोन आवरणांमध्ये किमान १५ मिलिमीटर अंतर असायला हवं, आणि तेच पाणी वरच्या-खालच्या शेजारच्या जागांतही दिसायला हवं. डावीकडे असाल तर हृदय किती लांब आहे तेही मोजा. सुई बरगडीच्या वरच्या कडेने घाला, खालच्या कडेला रक्तवाहिन्या असतात.

पाण्याऐवजी भरीव काही दिसलं, यकृतासारखं दाणेदार, आणि त्याची आतली कड फाटक्या कापडासारखी ओबडधोबड असेल, तर ते कन्सॉलिडेशन, म्हणजे हवा जाऊन घट्ट झालेला फुफ्फुसाचा भाग. त्यात पांढरे ठिपके किंवा फांद्या दिसतील, त्या श्वासनलिकांतली हवा. श्वास घेताना ही हवा फांद्यांतून पुढे सरकताना दिसली तर न्यूमोनियाकडे वजन जातं, कारण नळी उघडी आहे. हवा स्थिरच राहिली तर कफाच्या गोळ्याने नळी बंद होऊन फुफ्फुस मिटलं असण्याची शक्यता वाढते. तिथे अँटिबायोटिकपेक्षा सक्शन आणि फिजिओथेरपी आधी.

जोडणी

आता सहा बिंदूंची चित्रं एकत्र मांडा. पुढे दोन्ही बाजूंना बी-लाइन्स आणि चांगलं स्लायडिंग: फुफ्फुसात पाणी. पुढे बी-लाइन्स पण स्लायडिंग नाही, किंवा एका बाजूला ए आणि दुसऱ्या बाजूला बी, किंवा पुढेच कन्सॉलिडेशन: न्यूमोनिया. पुढे ए-लाइन्स, स्लायडिंग आहे, तरी सॅच्युरेशन कमी: जांघेतली आणि गुडघ्यामागची शीर दाबून पाहा. शीर दाबली जात नसेल तर आत गुठळी आहे आणि फुफ्फुसातल्या गुठळीचा संशय दाट होतो. शिरा मोकळ्या पण मागच्या बिंदूवर कन्सॉलिडेशन: पुन्हा न्यूमोनिया. मागेही काहीच नाही: दमा किंवा सीओपीडी. पुढे ए-लाइन्स, स्लायडिंग नाही आणि लंग पॉइंट: न्यूमोथोरॅक्स.

हा रस्ता नुकत्याच आलेल्या पेशंटसाठी आखलेला आहे. दहा दिवस व्हेंटिलेटरवर असलेल्या माणसाच्या मागच्या बाजूला थोडं पाणी आणि थोडं मिटलेलं फुफ्फुस बहुतेक वेळा असतंच. तिथे 'न्यूमोनिया' म्हणण्याआधी ताप, कफाचा रंग, कालचं चित्र, सगळं विचारात घ्या.

आपल्या भागातले काही पेशंट या चौकटीत वेगळे बसतात. कोकणात लाल विंचू चावलेलं मूल, घाम, गार हातपाय, धाप: विषामुळे हृदयावर ताण येऊन फुफ्फुसात पाणी भरतं आणि पुढच्या दोन्ही बाजू बी-लाइन्सनी भरून जातात. महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनचा उपचार रूढ केल्यापासून ही मुलं वाचू लागली. औषध लागू पडतंय का हे पाहायला दर थोड्या वेळाने त्याच बिंदूंवर प्रोब ठेवता येतो आणि लेकराला एक्स-रेसाठी हलवावं लागत नाही. पावसाळ्यात डेंग्यूचा पेशंट आला तर मागचा बिंदू रोज पाहा, विशेषतः उजवा. रक्तवाहिन्यांतून गळती सुरू झाली की तिथे पाण्याची पट्टी दिसते, आणि पुढे नव्याने बी-लाइन्स उगवल्या तर सलाइनचा वेग पुन्हा मोजायची वेळ आली. लेप्टोमध्ये फुफ्फुसात रक्तस्राव झाला तर ठिकठिकाणी बी-लाइन्स आणि कन्सॉलिडेशन दिसतं, अगदी न्यूमोनियासारखं. भातशेतीत चिखलात उभं राहिल्याची माहिती, कावीळ, कमी प्लेटलेट्स आणि ट्यूबमधून येणारं लालसर पाणी यावरून ते ओळखायचं. चित्र एकच असतं, पेशंटची गोष्ट वेगळी असते. म्हणून नातेवाइकांशी बोलण्याची पाच मिनिटं वाचवू नका.

जिल्ह्याच्या ठिकाणी काम करणाऱ्यांसाठी एक चांगली बातमी. एआरडीएसच्या २०२४ च्या जागतिक व्याख्येत दोन्ही बाजूंच्या बदलांसाठी एक्स-रे आणि सीटीबरोबर सोनोग्राफीही मान्य झाली आहे, ती करणारा प्रशिक्षित असेल तर. रक्तवायूच्या तपासणीऐवजी सॅच्युरेशन भागिले ऑक्सिजनचा अंश, हे गुणोत्तर ३१५ किंवा कमी, हेही धरता येतं, फक्त सॅच्युरेशन ९७ किंवा खाली असायला हवं. रवांडातल्या किगालीतल्या कामातून २०१६ मध्ये ही वाट निघाली, तिथेही रक्तवायू तपासण्याचं (एबीजी) मशीन आणि व्हेंटिलेटर यांची टंचाई होती.

रोजची फेरी

एकदाच पाहिलेल्या फुफ्फुसापेक्षा रोज पाहिलेलं फुफ्फुस जास्त सांगतं. त्यासाठी आकडे ठेवा. प्रत्येक बाजूचे पुढचे दोन, बाजूचे दोन आणि मागचे दोन, असे एकूण १२ भाग. ए-लाइन्स किंवा जास्तीत जास्त दोन बी-लाइन्स असतील तर ०. तीन किंवा जास्त, पण सुट्या बी-लाइन्स: १. एकमेकींत मिसळून पांढरा पडदा झालेल्या: २. कन्सॉलिडेशन: ३. बेरीज ० ते ३६, हाच फुफ्फुसाचा स्कोअर. सोमवारी २२, बुधवारी १५, असं दिसलं की व्हेंटिलेटर कमी करण्याच्या चर्चेला आधार येतो. उलटं झालं तर ट्यूब काढायची घाई थांबते. पीप (श्वास सोडल्यावरही व्हेंटिलेटर फुफ्फुसात राखतो तो दाब) वाढवल्यावर फुफ्फुस उघडतंय का, हेही या आकड्यांत दिसतं, मात्र ते फाजील ताणलं जातंय का, हे यात कळत नाही. ते पाहायला व्हेंटिलेटरचं प्रेशरच पाहा.

नोंद पूर्ण वाक्यात लिहा. 'लंग यूएसजी: बी-लाइन्स प्लस' याने पुढच्या ड्यूटीवाल्याला काहीही कळत नाही. असं लिहा: 'उजवा खालचा बिंदू: स्लायडिंग आहे, चार बी-लाइन्स, प्ल्यूरा गुळगुळीत. उजवा मागचा: पाणी २० मिमी, स्वच्छ. डावीकडे पुढे स्लायडिंग आणि ए-लाइन्स, मागे काही नाही. प्रश्न: सलाइननंतर धाप. उत्तर: उजवीकडे पाणी आणि बी-लाइन्स, डावी बाजू चांगली, न्यूमोनिया आधी नाकारायला हवा.' वेळ लिहा. पीप किती होतं ते लिहा. पेशंट पाठीवर होता की कुशीवर, तेही.

स्कोअर शिकवण्यावरच्या एका अभ्यासात देखरेखीखाली साधारण २५ तपासण्या केल्यावर नवख्यांचे आकडे तज्ज्ञांशी जुळू लागले. रोज एक पेशंट धरलात तर महिनाभरात तिथे पोहोचता. सुरुवात आज रात्रीच, ड्यूटी रूममध्ये, सोबतच्या रेसिडेंटवर करा. डाव्या खालच्या बिंदूवर प्रोब ठेवा, स्लायडिंग पाहा, मग त्याला श्वास रोखायला सांगा. रेघ थांबेल. दहा सेकंद तशीच पाहत राहा, ठेक्यात थरथरायला लागेल. लंग पल्स एकदा असा डोळ्याने ओळखीचा झाला की मध्यरात्री सुई मागण्याआधी तो आठवतो.

तपासणी झाली की पेशंटच्या छातीवरचं जेल पुसा, वाळलेलं जेल बोचतं आणि ईसीजीचे पॅच सुटतात. प्रोब आणि वायर विभागातल्या ठरलेल्या द्रावाने पुसा, एका पेशंटचा जंतू दुसऱ्याकडे नेणारा प्रोब कोणालाच नको आहे. मग मशीन चार्जिंगला लावा, आणि वायर अशी गुंडाळा की पुढच्याला एका हाताने सोडता येईल.